बोलक्याचा कोट

भिंतीला कान असतात म्हणे. आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधल्या भिंतीला तर तोंडही आहे. इकडं पळी आपटली की तिकडं कळतं, आज सासू चिडली की सून. तेव्हा त्या सकाळचं भांडण मी चोरून ऐकलं असं कुणी म्हणायचं नाही. मी माझ्या घरात दाणे निवडत बसले होते, ते आपल्या पायानं माझ्याकडं आलं.

भांडण म्हणजे तरी काय, एकटी धाकलीच बोलत होती. धाकली म्हणजे शेजारच्या दोघा भावांतल्या धाकट्याची बायको. जिभेनं फटकळ, पण कामाला वाघ. तिच्या पोरीला बघायला दोन दिवसांवर पाहुणे यायचे होते, चांगलं तालेवार घर. धाकलीनं भिंती रंगवल्या होत्या, पडदे लावले होते, गावभरातून खुर्च्या उसन्या आणल्या होत्या. माझ्याही दोन नेल्या. त्यातली एक परत आली तेव्हापासून डुगडुगते, पण ते जाऊ द्या.

"भावोजी, एक सांगू का? राग मानू नका," ती थोरल्या दिराला म्हणाली. राग मानू नका म्हटलं की पुढं रागाचंच येतं. "पाहुणे येऊन जाईपर्यंत तुम्ही मळ्यातच राहा. राखणीचे दिवस आहेत, कुणाला काही वाटायचं नाही. डबा पोरगी आणून देईल."

थोरला गप्प. तो गप्पच असायचा. म्हणून तर गावानं त्याचं नाव 'बोलका' ठेवलं होतं, टकल्याला झिपऱ्या म्हणावं तसं. काहीही विचारा, "हुं" म्हणायचा. पाऊस पडेल का? हुं. यंदा पीक बरं आहे? हुं. तुझ्या घराला आग लागलीय म्हटलं असतं तरी आधी हुं म्हणाला असता आणि मग बादली घेऊन पळाला असता.

"म्हणजे कसं आहे," धाकलीची गाडी सुटली होती, "कुणी काही विचारलं की तुम्ही नुसतं हुं करता. कपडे हे असले. त्या कोटाचं तर नावच नको, कोपरं बाहेर आलीत त्यातून. लोकांना वाटायचं या घरात डोक्यानं अधू माणूस आहे. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे हो."

आणि तेव्हा मी बोलक्याला बोलताना ऐकलं. सबंध वाक्य. हातातले दाणे सुपात पडले माझ्या.

"मी दिसलो तर काय होईल?" तो म्हणाला.

रागानं नाही हो. खरंच विचारल्यासारखं विचारलं. धाकटा भाऊ घरातच होता. बशीत चहा ओतून फुंकर मारत होता, ती फुंकर भिंतीपलीकडून ऐकू आली मला. बाप गेला तेव्हा हा धाकटा बोलक्याच्या कमरेएवढा होता. बोलक्यानं त्याला वाढवला, स्वतःचं लग्न राहू दिलं, याचं लावलं. तो तपकिरी कोट याच्याच लग्नात घालायला म्हणून शिवून घेतला होता, तोच पुढं शेतात वापरून वापरून फाटला. त्या भावाला एक शब्द सुचला नाही. धाकलीलाही नाही. मग दार वाजलं. आपटलं नाही, नीट ओढून घेतलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात माणूस रुसला की मळ्यात जातो, राखणीच्या माळ्यावर, म्हणजे चार खांबांच्या मचाणावर, चढून बसतो. त्याला शोधायला जायचं नसतं. शोधायला गेलं म्हणजे घरात भांडण झालं हे चारचौघांत कबूल केल्यासारखं. पोटात कावळे ओरडले की येतो आपला आपण. माझे हे तीनदा जाऊन तीनदा आलेत. म्हणून बोलका गेला तेव्हा मी काय म्हटलं असेल? म्हटलं, चला, मळ्यात गेला. आणि पुन्हा दाणे निवडायला घेतले.

त्यांचा मळा आणि आमचा मळा लागून, मधे एक बांध. त्यांच्यात त्या साली सूर्यफूल होतं, दाणा भरत आला होता. पाऊस जाऊन बरेच दिवस झालेले, जमिनीला भेगा पडायला लागलेल्या, दुपारी असं कोरडं वारं सुटायचं की ओठ फुटायचे. अशा दिवसांत पाखरांचे थवे पडतात. पाखरांसाठी मात्र बोलक्याला आवाज होता, बरं का! माळ्यावर उभा राहून "हो... हो... हुर्रर्र!" करायचा ते ओढ्यापलीकडं ऐकू जायचं. माणसांसाठी हुं आणि पाखरांसाठी आरोळी.

दुसऱ्या दिवशी पोरगी डबा घेऊन गेली तर माळा रिकामा. हे मला नंतर तिनंच सांगितलं, तेव्हा मायलेकी कुजबुजल्या ते भिंतीलाही कळलं नाही. कोट माळ्याच्या खुंटीला टांगलेला, टोपी वर अडकवलेली, गोफण त्याच्यावर गुंडाळून ठेवलेली. तिनं हाका मारल्या, विहिरीपर्यंत जाऊन आली आणि डबा तसाच परत आणला.

"येतील," आई म्हणाली, "रुसलेत."

"आई, माळ्यावर नाहीत ते. रुसलेला माणूस माळ्यावर असतो."

धाकलीच्या तोंडचं पाणी पळालं, पण काळजी दिराची कमी आणि उद्याची जास्त. पाहुण्यांना तिनं निरोप धाडला होता, आमचे थोरले दीर कामाचे भोक्ते, मळा सोडत नाहीत. पाहुण्यांची गाडी त्याच रस्त्यानं यायची आणि रस्त्यावरून माळा समोर दिसतो. माळा रिकामा दिसला तर? पोरीचा थोरला चुलता घर सोडून गेला, का गेला, कुणी काय म्हटलं, एकातून एक निघणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती उघडायची कशाला?

मग त्या बाईनं काय करावं? दोन काठ्या बांधल्या, गवत भरलं, डोक्याच्या जागी मडकं पालथं घातलं. त्याच्यावर बोलक्याची टोपी. आणि अंगात तो कोपरं गेलेला कोट. माळ्यावर रस्त्याकडं पाठ करून उभं केलं बुजगावणं. घरच्या माणसाला दाखवायची लाज वाटत होती तिला, गवताच्या माणसाला दाखवायची वाटली नाही.

पाहुणे आले. गाडीतून उतरल्या उतरल्या मुलाच्या वडलांनी विचारलं, "माळ्यावर उभे होते ते कोण?"

"आमचे दादा," धाकटा म्हणाला. जीभ कशी वळली त्याची कोण जाणे. "राखण सोडून येत नाहीत."

"वा! असा माणूस पाहिजे घरात," म्हातारा म्हणाला. पोरगी त्यांना पसंत पडली, चहा झाला, हसणं-खिदळणं झालं, मी इकडं भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. निघताना म्हातारा म्हणाला, "पुढच्या बैठकीला मात्र थोरल्यांना आणा. बोलणी त्यांच्याशीच करायची. घरातल्या मोठ्याला बाजूला ठेवून आम्ही काही ठरवत नाही."

घ्या! भिंतीपलीकडं कुणाच्या तरी हातातली बशी खाली पडली.

पाहुणे गेले तरी बुजगावणं उतरलं नाही. ते तसंच उभं, आणि घरातलं नाटक चालू. पोरगी रोज डबा घेऊन मळ्यात जायची, आईचा हुकूम, गावाला दिसायला पाहिजे. डब्यातलं जेवण ओढ्यात टाकून यायची. धाकटा भाऊ पाहुण्यारावळ्यांकडं निघाला. म्हणे सहज आलो. चहा प्यायचा, बसल्या जागेवरून आतल्या खोलीत मान वाकडी करून बघायचा, परसात जाऊन यायचा आणि उठायचा. "दादा आलाय का?" एवढं विचारायला तोंड उघडेना. विचारलं तर गेला हे कळणार. बहिणीच्या घरी जाऊन आला, मामाच्या घरी जाऊन आला, आणि कुणाला पत्ता लागला नाही की हा काय शोधतोय. बहिणीला वाटलं, भावाला माया सुटली. तिनं त्याला जेवून जायचा आग्रह केला.

आता माझं ऐका. दुसऱ्याच्या ताटातलं सांगितलं, माझ्या ताटातलं का लपवू?

मी रोज आमच्या मळ्यात निंदायला जायची. बांधाजवळ बसायचं, पाठ माळ्याकडं, आणि हात कामाला, तोंड बोलायला. बोलक्याशी बोलायची माझी जुनी सवय. सुनेची गाऱ्हाणी मी त्याच्याजवळच करायची, कारण ते पुढं कुणाकडं जायचं नाही. विहिरीत दगड टाकावा तसं, बुडूक की संपलं. तर त्या दिवसांतही मी बोलले. आल्या आल्या वर बघायचं, "काय बोलक्या, जेवलास का?" वाऱ्यानं कोटाची बाही हलायची. मला वाटायचं, हात केला. मग मी खाली बसून सुरू. सून भाजीत मीठ कमी टाकते, मुद्दाम टाकते, पोरगा तिचीच बाजू घेतो. एक दिवस तर मी रडले. गुडघे इतके दुखत होते, म्हटलं, "बोलक्या, या घरात मी आता नकोशी झालेय रे." रडले, नाक पुसलं, मोकळं वाटलं. वर बघून म्हटलं, "तू आहेस म्हणून बरं आहे बाबा."

मडक्याला म्हटलं मी ते.

आणि सगळं गावच शहाणं! दुकानदार रस्त्यानं जाताना हात वर करायचा. न्हावी हाक मारायचा, "काय बोलक्या, दाढी वाढली असेल, ये की!" परीट सायकलची घंटी वाजवायचा. तिकडं पाखरं फुलांवर बसून खुशाल दाणे काढत होती. इतक्या दिवसांत एकदा तरी आरोळी ऐकली का कुणी? नाही. आणि ऐकली नाही हे तरी कुणाच्या ध्यानात आलं का? तेही नाही.

बैठकीचा दिवस जवळ आला तसा धाकट्याचा धीर सुटला. बुजगावणं उतरवून ठेवलं आणि चौकीवर जाऊन म्हणाला, "भाऊ कालपासून दिसत नाही." कालपासून! खोट्याला खोटं जोडत गेलं की मारुतीचं शेपूट होतं.

हवालदार आला, दुकानासमोर बाकावर बसला. गाव गोळा झालं. "शेवटचं कुणी पाहिलं?"

आम्ही सगळे पुढं. माझी तर घाई बघायला हवी होती. "कालच. संध्याकाळपर्यंत माळ्यावर होता," दुकानदार म्हणाला. "मी हात केला, त्यानंही केला." न्हावीही शपथेवर तेच बोलला.

"मी तर अर्धा दिवस बोलत होते त्याच्याशी," मी म्हटलं.

"काय म्हणाले ते?" हवालदारानं विचारलं.

"तो काय म्हणणार? मीच बोलत होते."

लोक हसले. मीही हसले. धाकली दाराशी उभी होती, ती खाली बघत होती. मला वाटलं, दुःखानं.

तेवढ्यात दुधाची गाडी आली. गाडीवाला आमच्या गावचा नाही, सकाळी दूध गोळा करायला येतो नि जातो. गर्दी बघून थांबला, काय झालं ते ऐकलं आणि म्हणाला, "अहो, असा एक माणूस मी तिठ्यावर सोडलाय. पण त्याला आठवडा झाला. उंच, केस पिकलेले, अंगात पांढरा सदरा."

"कोट?" हवालदार म्हणाला.

"कोट नव्हता."

"मग तो नव्हे," न्हावी म्हणाला, "बोलका कोट काढत नाही."

"आणि आठवडाभर तर तो इथंच होता," दुकानदार म्हणाला.

"काही बोलला का तो?" मी विचारलं.

"बोलला का? अहो, तिठ्यापर्यंत तोंड मिटलं नाही त्यानं!"

यावर गाव जे हसलं ते विचारू नका. डोळ्यांतून पाणी आलं आमच्या. "अरे बाबा, मग तो आमचा नव्हेच! दुसरा कुणी असेल!" गाडीवाला ओशाळला बिचारा. दूध तापतंय म्हणाला आणि निघून गेला. त्याला आम्ही हसून घालवला, ध्यानात ठेवा.

हवालदारानं हिशेब केला, काल संध्याकाळपर्यंत मळ्यात, म्हणजे जवळच कुठंतरी. माळ्याला लागून विहीर. गळ टाकले, काही लागेना. मग पाणकोंबड्याला बोलावलं. हा आमचा पट्टीचा पोहणारा, विहिरी उपसायची कामं घेतो. बायको दोन पोरं घेऊन काठावर उभी. एकदा बुडी मारली, वर आला. दुसऱ्यांदा मारली, वर आला तो ओठ निळे पडलेले. खाली तळाला जुन्या रहाटाचं लोखंड पडलंय, पाय अडकतो म्हणाला. हवालदार म्हणाला, आणखी एकदा बघ, त्या लोखंडाखालीच असेल.

तो तिसऱ्यांदा खाली गेला आणि येईना. काठावर सगळे वाकलेले. बुडबुडे आले, तेही थांबले. त्याची बायको ओरडायला लागली. दोरी ओढली, चौघांनी मिळून ओढली, तेव्हा तो वर आला, पोटरी फाटलेली, पाणी ओकत. श्वास लागल्यावर पहिलं काय म्हणाला, "जरा दम खातो, मग पुन्हा जातो. आपला माणूस आहे."

तशी पोरगी गर्दीतून बाहेर आली आणि घराकडं पळाली. आली ती कोट घेऊन. आईनं वाटेत हात धरला, तो झटकला. सगळ्यांसमोर तिनं कोट विहिरीच्या काठावर टाकला. बाहीतून गवत सांडलं.

"तिथं नाहीत ते," पोरगी म्हणाली. "कालही माळ्यावर नव्हते. परवाही नव्हते. आईनं सांगितलं त्या दिवशीच गेले. तुम्ही हात करत होता तो हा कोट होता. गवत होतं आत."

दुकानदार हात कुठं ठेवावा हे न कळून खिशात घालत होता, काढत होता. न्हाव्याची मान खाली. धाकटा भाऊ मटकन मातीत बसला.

"पोरीसाठी केलं हो," धाकली म्हणाली. कुणी तिला काही म्हटलेलं नव्हतं.

"माझ्यासाठी नाही," पोरगी म्हणाली. "मला कुणी विचारलं होतं?"

मला मात्र धाकलीचा राग आला नाही. खरं सांगते. तिनं गवत भरलं, पण त्याला माणूस आम्ही केला. कुणाच्या जागी बुजगावणं उभं करून खपतं? दुकानदाराच्या जागी खपलं असतं? माझ्या जागी? घटकाभरात कळलं असतं, ही म्हातारी बोलत का नाही. बोलक्याच्या जागी खपलं, कारण बोलका होता तेव्हाही आम्ही उत्तराला थांबत नव्हतो. हे डोक्यात आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्यात त्या मडक्यापुढं मी रडले होते! सगळ्यांसमोर मला ते आठवलं, कान तापले.

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तसं मग सगळे धावले. हवालदार, धाकटा आणि मी दूध डेअरीवर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, मीच चढून बसले गाडीत. गाडीवाला कॅन धूत होता. आम्हाला बघून आधी म्हणाला, "काय, पुन्हा हसायला आलात?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "ऐकायला आलोय."

त्यानं हात पुसले आणि सांगितलं. "त्यांना रस्त्यावर चालताना बघितलं, बसा म्हटलं. बसले. मी विचारलं, काय काका, कसं काय चाललंय? ते हुं म्हणाले. मी आपला थांबलो. गाडीत दुसरं करायचं तरी काय? जरा वेळानं बोलायला लागले. पुतणी लहान होती तेव्हा त्यांच्या खांद्यावर बसून पाखरं उडवायची म्हणे. तिच्या पायात काटा मोडला होता तो चार जणांना निघाला नाही, यांनी काढला. आता तिला बघायला पाहुणे येणार, पोरगी गुणाची आहे, नक्की ठरणार म्हणाले. आणि भाऊ त्यांचा."

धाकट्यानं मान वर केली नाही. "काय म्हणाला माझ्याबद्दल?"

"भाऊ वाईट नाही म्हणाले. घाबरट आहे. लहानपणी अंधाराला घाबरायचा, आता माणसांना घाबरतो."

धाकटा तोंड फिरवून भिंतीकडं उभा राहिला.

"एका शेजारणीचंही सांगितलं," गाडीवाला हसला. मी कोण ते त्याला कुठं माहीत? "तिचे गुडघे दुखतात, बांध चढताना कण्हते. म्हणून बांधाला दगडाची पायरी बसवून दिली म्हणाले. तिला वाटलं, पोरानं केली. सगळ्यांना पोराचं कौतुक सांगत सुटली. मग हे म्हणाले, असू दे, पोराचं कौतुक करायला तिला कारण तरी मिळालं."

ती पायरी रोज चढते मी. तिच्यावर पाय ठेवून रोज त्यालाच सांगत होते, बघ माझ्या पोरानं कशी केलीय. आणि तो हुं म्हणायचा.

"जाणार कुठं होते, काही बोलले?" हवालदारानं विचारलं.

"राखणीला माणूस लागतो तिथं जाईन म्हणाले. तिठ्यावर उतरले. तिथून पुढं दोन रस्ते फुटतात. कुठला धरला ते मी बघायला थांबलो नाही, दूध नासलं असतं." मग म्हणाला, "त्याच दिवशी आला असतात, तर तिठ्यावरच्या चहावाल्याला आठवलं असतं. आता आठवड्याची गर्दी गेली तिथून."

दोन्ही रस्त्यांनी माणसं धाडली. फोटो छापावा तर फोटो नाही. धाकट्याच्या लग्नातला एक निघाला, त्यात बोलका कडेला, अर्धा कापला गेलेला. नुसता कोट दिसतो. अजून पत्ता नाही. वर्ष उलटलं.

मुलाकडच्यांना पोरीनं स्वतः सगळं सांगितलं. म्हातारा शांतपणे ऐकत होता. मग धाकलीला म्हणाला, "बाई, आमच्या घरात माझा एक भाऊ आहे, तोही बोलत नाही. पहिल्या खुर्चीवर तोच बसतो. तुमचे दीर नुसते हुं म्हणाले असते तरी आम्हाला चाललं असतं." आणि टोपी उचलून निघून गेला. धाकली त्या दिवसापासून पोरीशी नीट बोलत नाही, की पोरगी तिच्याशी बोलत नाही, भिंतीतून नक्की कळत नाही.

परवा मी मळ्यात गेले. पुन्हा सूर्यफूल भरलंय, पुन्हा तेच कोरडं वारं. पाय पायरीवर ठेवला आणि वर बघितलं तर माळ्यावर तपकिरी कोट! आला की काय? का पुन्हा त्या बयेनं...

"कोण आहे रे?" मी ओरडले. "जेवलास का?"

बाही हलली. हात केला की वारा होता? पूर्वीची मी असते तर खाली बसून निंदायला लागले असते आणि सुनेचं सुरू केलं असतं. या वेळी उभी राहिले. गुडघे ठणकत होते, ऊन डोक्यावर आलं होतं, पाखरं फुलांवर कलकलत होती, तरी हलले नाही.

बऱ्याच वेळानं वरून आवाज आला. "नाही जेवलो, काकू."

धाकटा होता. भावाचा कोट घालून राखणीला उभा राहिला होता. पाखरांवर ओरडायला बघत होता, पण आवाज घशातच अडकत होता त्याच्या.

"उद्या दादा आला," तो वरूनच म्हणाला, "आणि मळा पाखरांनी खाल्लेला दिसला तर काय म्हणेल, काकू?"

"हुं म्हणेल," मी म्हटलं.

तो हसला की रडला ते खालून कळलं नाही. मग मी बोलले नाही काही. सुनेचं सांगायचं होतं पुष्कळ, पण ते गिळलं. बांधाच्या पायरीवर बसले आणि म्हटलं, "बरं. आता पुढचं तू बोल. मी बसलेय."

पायरी पक्की आहे. जराही डुगडुगत नाही.